कोरड्या डोळ्यांची तारीख

उज्ज्वला बोरस्तेला कांदा रडवत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला स्वतःलाही त्याची थोडी मिजास होती. निफाडच्या अलीकडच्या त्या कारखान्यात कांदा वाळवून त्याचे काप आणि भुकटी परदेशी पाठवत. दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं होतं. सोलायला यंत्र होतं, चिरायला यंत्र होतं, वाळवायला तर होतंच. पण कांद्याचा देठ आणि मुळी काढायला अजून बायाच लागत. कांदा काही एका मापाचा येत नाही, आणि तिरपा कांदा समोर आला की यंत्र अर्धा कांदाच उडवून मोकळं होतं. म्हणून अकरा टेबलं, टेबलाला दहा-बारा बाया, आणि हॉलमध्ये असा झणका की नवी बाई पदर डोळ्याला लावून दारातूनच मागे फिरायची.

सुपरवायझर कातकाडे याने त्यावर स्वतःच्या डोक्याने एक परीक्षा काढली होती. नवी बाई आली की तो तिच्या पुढ्यात लाल तिखट कांदा उभा चिरायचा आणि घड्याळाकडे बघत राहायचा. डोळ्याला धार लागली की शेवटचं टेबल. जिचे डोळे कोरडे राहतील ती पहिल्या टेबलावर. रडणारी बाई सारखी डोळे पुसते, काम थांबवते, कधी बोटही कापून घेते, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. उज्ज्वला सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा कातकाडेने लागोपाठ तीन कांदे चिरले. तिसऱ्या कांद्याला तोच नाक ओढायला लागला आणि ही आपली शांतपणे विचारत होती, "अजून कितीक चिरायचेत, साहेब?"

तिचा दुसरा गुण मात्र कुणी पारखून घेतला नव्हता. तो म्हणजे थकवा. नुसता कामाचा थकवा नव्हे; तो सगळ्यांनाच असतो आणि झोपलं की जातो. हिचा झोपून उठल्यावर जास्त व्हायचा. सकाळी अंथरुणात बसून ती पाच मिनिटं नुसती आपल्या पायांकडे बघायची, की आता यांना उठवायचं कसं. भाकरीचा घास पाण्याशिवाय घशाखाली उतरत नसे. बोटांचे सांधे आखडत. डोळ्यात कायम वाळूचा कण गेल्यासारखा खुपे. दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देत, आणि घरी नवरा बाळासाहेब म्हणे, "तुला ना, मुळात कामाचा कंटाळा." हे तो खाटेवर आडवा होऊन म्हणे. पण ते सांगायलाही उज्ज्वलाच्या अंगात त्राण उरलेलं नसे.

त्या वर्षी आरोग्य मोहिमेची गाडी कारखान्याच्या फाटकात येऊन उभी राहिली. गाडीत एक यंत्र होतं आणि त्याला बाया एका दिवसात "रडकं यंत्र" म्हणायला लागल्या. खालच्या पापणीच्या आत नखाएवढी कागदी पट्टी अडकवायची, डोळे मिटून बसायचं, मग ती पट्टी यंत्राच्या खाचेत सरकवायची. एवढंच. दुखत नव्हतं, सुई नव्हती आणि कामाची अर्धी घटका सुटत होती, म्हणून बायांनी रांग लावली.

अकराव्या टेबलावरच्या बायांच्या पट्ट्या बघता बघता भिजल्या. पहिल्या टेबलावरच्या अकराजणींपैकी चौघींच्या जवळजवळ कोऱ्याच निघाल्या. गाडीतल्या डॉक्टर नाझनीन यांनी त्या चौघींना थांबवून घेतलं आणि आधी कातकाडेला बोलावलं. "या सगळ्या एकाच टेबलावर कशा?" त्यांनी विचारलं. कातकाडेने मोठ्या अभिमानाने आपली कांद्याची परीक्षा सांगितली. 

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं आजारी बाया निवडून काढल्यात," त्या म्हणाल्या, "आणि त्यांना सगळ्यात जास्त काम दिलंत."

 कातकाडे माणूस वाईट नव्हता बिचारा. त्याला वाटलं होतं आपण बायांची सोय बघतोय.

उज्ज्वलाचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. अश्रू म्हणजे काही नुसतं खारं पाणी नाही. त्यात हजाराहून जास्त प्रकारची प्रथिनं असतात, आणि शरीरात काय चाललंय त्याचा बराचसा मागमूस त्यांत उतरतो. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. कधी कधी त्यांची ओळख चुकते आणि त्या आपल्याच अवयवांवर उलटतात. या आजारात पहिला घाला पडतो अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर. म्हणून डोळे कोरडे, तोंड कोरडं. मग सांधे, आणि हा न संपणारा थकवा. आजाराचं नाव श्योग्रेन. लोक डोळ्याच्या थेंबांवर वर्षं काढतात; डोळा हे नुसतं दार आहे, चोर आत घरात शिरलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"म्हणजे मी आळशी नाही?" उज्ज्वलाने विचारलं.

"नाही हो, उज्ज्वलाताई. इतक्या आजारात तुम्ही आठ तास उभ्या कशा राहता, याचंच मला नवल वाटतंय."

हे ऐकून दुसरी कुणी असती तर रडली असती. उज्ज्वलाने नुसते खुपणारे डोळे चोळले.

यंत्राचा खरा नवेपणा पुढेच होता. आजार कधी सुरू झाला तेही ते सांगत असे. बिघडलेल्या पेशी जी प्रतिपिंडं तयार करतात, ती पेशींच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना किंचित बदलतात. एखादा उखाणा या बाईकडून त्या बाईकडे जाताना एकेक शब्द बदलतो ना, तसं. किती शब्द बदलले ते मोजलं की उखाणा किती जुना ते कळतं. यंत्र ते मोजायचं आणि साल छापायचं, सहा महिने इकडे किंवा तिकडे.

उज्ज्वलाच्या कागदावर छापलं होतं : अंदाजे आरंभ, २०३४.

तिने तो आकडा दोनदा वाचला. तिचा धाकटा भाऊ दिगंबर दोन हजार बत्तीसला गेला होता.

"तुमच्या सख्ख्या नात्यात कुणाचे डोळे कोरडे आहेत का?" डॉक्टर विचारत होत्या. "बहीण, मुलगी, भाची?"

"भाची," उज्ज्वला म्हणाली आणि खुर्चीतच सावरून बसली. "भावाची मुलगी. चौथा महिना चालू आहे तिला, असं कानावर आलंय."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. काही बायकांत ही प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात, त्यांनी सांगितलं. बाळाच्या हृदयाचे ठोके चालवणारी जी विजेची वाट असते, तीच ती करपवून टाकतात. एकदा करपली की परत येत नाही. शंभरातल्या दोघींनाच होतं, पण धोका असतो पाचव्या-सहाव्या महिन्यात, त्याच्या आत कळलं तर एक जुनी मलेरियाची गोळी देता येते आणि दर आठवड्याला बाळाचे ठोके बघता येतात. "पाचवा लागायच्या आत घेऊन या तिला. कदाचित काहीच नसेल. पण आणा."

आणायची कशी, हाच तर सगळा घोळ होता. दिगंबरची बायको कांचन नऊ वर्षं उज्ज्वलाशी बोलत नव्हती. दिगंबरचं प्रेत अंगणात होतं, कांचन हंबरडा फोडत होती, गावच्या बाया गळ्यात गळे घालत होत्या, आणि सख्खी थोरली बहीण भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. दहाव्याला कांचन चारचौघींत म्हणाली, "पाठच्या भावासाठी एक टिपूस नाही काढला. काळीज आहे का दगड?" तेव्हापासून येणं-जाणं बंद.

गेल्या वर्षी भाचीचं, ईश्वरीचं, लग्न झालं तेव्हा रीत म्हणून पत्रिका आली, म्हणून उज्ज्वला जाऊन मांडवाच्या कडेला उभी राहिली. पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता आणि ईश्वरी मात्र कोरडीठाक. सारखे डोळे चोळत होती, पाणी मागत होती. मागून एक बाई म्हणाली, "आत्यावर गेलीय." कांचनने ते ऐकलं आणि तिचा चेहरा घट्ट झाला. तेव्हा उज्ज्वलाला वाटलं होतं, पोरगी धीराची आहे.

घरी आल्यावर तिने बाळासाहेबाला कागद दाखवला. त्याने तो उलटासुलटा केला, आकड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि एकदम मांडीवर थाप मारली. "अगं, म्हणजे दिगूच्या वेळी तू रडली नाहीस ती याच्यामुळे!" बायकोला इतकी वर्षं आळशी म्हटल्याची भरपाई त्याने चार वाजेपर्यंत करून टाकली. चहाच्या टपरीवर सांगितलं, दूधडेअरीवर सांगितलं, सोसायटीच्या ओट्यावर सांगितलं. संध्याकाळी दोन म्हाताऱ्या येऊन उज्ज्वलाच्या गालावरून हात फिरवून गेल्या. "किती बोललो गं तुला आम्ही," त्या म्हणाल्या.

तिने ते खोडून काढलं नाही. खरं सांगायला त्राण लागतं, आणि तिच्याकडे ते नव्हतं. शिवाय तिच्या मनात एक हिशेबी विचार येऊन बसला होता. ही अफवाच तिला कांचनच्या दारातून आत नेणार होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती गेली. कांचन अंगणात पापड वाळत घालत होती. ईश्वरी उलट्यांनी बेजार होऊन माहेरी आलेली, आत झोपली होती. कांचनने नणंदेकडे पाहिलं आणि हातातला पापड तसाच धरून उभी राहिली.

"बसा, वन्सं," ती शेवटी म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

उज्ज्वला बसली. पाणी आलं, ती सगळा तांब्या प्यायली. मग तिने न थांबता सगळं सांगितलं : अश्रू, ग्रंथी, बाळाचे ठोके, पाचवा महिना. कांचन ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच अडकलं होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही रडला नाहीत, ते या आजारामुळे?"

अंगणात एक चिमणी पापडाला चोच मारत होती. तिला हाकलायला कुणीच उठलं नाही.

"हो," उज्ज्वला म्हणाली.

"कागद दाखवा."

उज्ज्वलाने कागद दिला. कांचनने तो उन्हाकडे धरून सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत. मग घडी करून परत दिला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"पोरीच्या सासरी कळलं तर?" तिने विचारलं. "हल्ली पत्रिकेबरोबर डोळ्याचा कागद मागायला लागलेत लोक. सिन्नरच्या त्या कोणाची सोयरीक मोडली, ऐकलं ना? माझी तर लग्न होऊन गेलेली आहे. माहेराहून रोग घेऊन आली म्हणतील. परत पाठवतील. कागद एकदा आरोग्य कार्डावर चढला की पुसता येत नाही, वन्सं."

"नाही येत," उज्ज्वला म्हणाली. "आणि बाळाचा ठोका एकदा अडकला की सोडवता येत नाही. दोन्हीतलं एक तुला धरायचं आहे, कांचन. मी थकलेय गं. मला भांडता येत नाही. नाही म्हणालीस तर इथंच पायरीवर पडून राहीन."

कांचनने चिमणी हाकलली. उरलेले पापड घातले, सगळे, एकेक सरळ करत. मग हात झटकले.

"उद्या सकाळी नेऊ," ती म्हणाली.

ईश्वरीची पट्टी कोरी निघाली. प्रतिपिंडंही होती, आणि तीच, हृदयाच्या वाटेवर जाणारी. आजार तीन वर्षांचा. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. मग सुरू झाले ते बारा आठवडे. दर मंगळवारी तिघी बसने नाशिकला जायच्या, खोलीत अंधार करून डॉक्टर पोटावर यंत्र फिरवायच्या आणि तिघी श्वास धरून तो आवाज ऐकायच्या, टपटप, टपटप. ठोका एका ठरावीक वेगाने पडला पाहिजे. विसाव्या आठवड्यात एकदा तो किंचित लांबल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी चार दिवसांनी परत बोलावलं. त्या चार दिवसांत कांचन जेवली नाही आणि उज्ज्वला कारखान्यात उभ्या उभ्या झोपली. कातकाडेने तिला स्वतः खुर्ची आणून दिली. त्याने कांद्याची परीक्षा बंद केली होती आणि टेबलांची अदलाबदलही केली होती. चौथ्या दिवशी ठोका सरळ होता. परतीच्या बसमध्ये कांचन पुटपुटली, "देवाला माझी काळजी." एवढंच. मग खिडकीला डोकं टेकून झोपी गेली.

ईश्वरीच्या सासूला सांगायचा दिवसही आला. कांचनने सगळं धडाधड सांगितलं आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून डोळे मिटून बसली.  विहीणबाई आपल्या डोळ्याला बोट लावून हळूच म्हणाल्या, "माझेपण खुपतात हो कधीपासून. ती गाडी आमच्याकडे कधी येते?"

सव्विसावा आठवडा सरला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, बाळ आता धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडलं. सातव्या महिन्यात कांचनने डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओट्या भरणं, चेष्टामस्करी, सगळं यथासांग. दुपार कलली तशा बाया पांगल्या. पाचसात म्हाताऱ्या तेवढ्या पुढच्या खोलीत पान लावत गप्पा मारत बसल्या होत्या. उज्ज्वला आणि कांचन मागच्या पडवीत उष्टी भांडी आवरत होत्या.

उज्ज्वलाला खाली बसावं लागलं. अंगातलं सगळं संपलं होतं, आणि कदाचित म्हणूनच ते बाहेर पडलं. धरून ठेवायलाही ताकद लागते.

"कांचन, मी तुला खोटं सांगितलं. दिगू गेला तेव्हा मला हा आजार नव्हता."

कांचन परात घासत होती. तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "कागदावर चौतीस लिहिलं होतं. माझा नवरा बत्तीसला गेला. एवढी वजाबाकी येते मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला दाराबाहेर काढावं लागलं असतं. मग पोरीला कुणी नेलं असतं? मी तर सासरच्या भीतीनं गप्पच बसले असते." तिने परात पालथी घातली. "सांगा आता. का नाही रडलात?"

उज्ज्वलाने आपल्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. दिगंबर दारूने गेला. शेवटची तीन वर्षं त्याला गटाराकाठून उचलून आणायचं, रिक्षात घालायचं, दवाखान्यात न्यायचं, त्याने सुया उपसून पळून जायचं, हे सगळं या दोघींनीच केलं होतं. त्या रिक्षात धुळीने तिचे डोळे पाणावायचे. म्हणजे पाणी होतं तेव्हा. भरपूर होतं.

"त्याला अंगणात आणून ठेवला," ती म्हणाली, "आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आता कुणाचा फोन येणार नाही. आता मला झोपता येईल. हायसं वाटलं गं मला. सख्खा भाऊ, आणि मला हायसं वाटलं. मग रडू कुठून यायचं? तू म्हणालीस ते खरंच होतं. दगडच."

कांचन हात पुसून तिच्यासमोर येऊन बसली.  तिचा आवाज अगदी बारीक होता.

"मलापण सुटल्यासारखंच झालं होतं, वन्सं. त्याच क्षणी. पण मी बायको. मी नाही रडले तर जग काय म्हणेल? मी हंबरडा फोडला. आणि समोर तुम्ही भिंतीला टेकून तशा बसलेल्या. मला वाटलं, तुम्हाला माझ्या पोटातलं दिसतंय. म्हणून आणखी मोठ्यानं रडले. चार दिवस घसा बसला होता माझा." तिने पदराने कपाळ पुसलं. "त्याचाच राग होता मला, नऊ वर्षं. तुम्ही थोडं रडला असता ना, तर मला एकटीला एवढं खोटं रडावं लागलं नसतं."

उज्ज्वलाचा फोन किणकिणला. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. तिने पिशवीतून बाटली काढली, पण झाकण काही बोटांना उघडेना. कांचनने ती हातातून घेतली, तिची हनुवटी धरून मान मागे केली आणि थेंब सोडला. मग दुसऱ्या डोळ्यात. हाताला सवय नव्हती. दोनाचे चार पडले, आणि उज्ज्वलाच्या दोन्ही गालांवरून ओघळ खाली उतरले. ते पुसायला तिने पदर उचलला, तेवढ्यात फुलांच्या दागिन्यांसकट ईश्वरी दारात येऊन उभी राहिली.

"अगंबाई, आत्या रडतेय!" ती म्हणाली. पुढच्या खोलीतल्या गप्पा एकदम थांबल्या.

कांचनने उज्ज्वलाचा पदर धरून खाली ओढला. ओघळ तसेच राहिले. मग ती पुढच्या खोलीत स्पष्ट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "रडू देत त्यांना. भावाची आठवण आली त्यांना."